तुकडा तुमच्याच हातचा

नाना, डीपी खात नाही.

बाकी सगळं तुमच्या मनासारखं झालं. काल तुमचा जलदान विधी झाला. भंतेजी आले, वंदना झाली, भाषणं थोडक्यात आटोपली. कुणाच्या हातात माइक जास्त वेळ राहू द्यायचा नाही, असं तुम्हीच सुनीताला सांगून ठेवलं होतं आणि बापाची लेक, तिनं ते पाळलं. एका पुढाऱ्याचा तर तिनं वाक्याच्या मधोमध माइक काढून घेतला. तुमचा तो नोकरीतला फोटो लावला होता, खाकी शर्ट, खांद्यावर दोरीचं वेटोळं. त्यात तुम्ही कुणावर तरी रागावल्यासारखे दिसता. सुनीता म्हणाली, दुसरा शोधू का. मी म्हटलं, राहू दे, ओळख पटते.

पण डीपी खात नाही. तुमच्या बाजेखाली पडून असतो. पाणी पितो. दारात सावली आली की मान उचलून बघतो आणि तुम्ही नाही असं दिसलं की परत पंजांवर ठेवतो.

तुमच्यात पिंड नाही, कावळा नाही. त्यावरून तुम्ही आम्हाला आयुष्यभर चिडवलंत. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा आमची सगळी भावकी भर उन्हात उभी राहून त्याला एकेक वचन देत होती. धाकट्याचं लग्न करू, विहिरीचं काम पुरं करू, म्हातारीला अंतर देणार नाही. तुम्ही लांब झाडाखाली बसून म्हणाला होतात, "त्याला भूक न्हाय, एवढंच हाय." सासूबाईंनी पुढे वर्षभर तुमच्याशी बोलणं टाकलं होतं.

आता काल काय झालं ते ऐका. जेवणं उरकल्यावर अर्धा गाव तुमच्या ओसरीवर डीपीभोवती जमला. प्रत्येकाच्या हातात भाकरी. आधी यू यू करून झालं. मग ताट पुढे सरकवून झालं. मग कुणाच्या तरी तोंडून निघालंच, "नाना, घराला कुलूप लागू देणार न्हाय आमी." दुसरा म्हणाला, "सुनीताचं माहेर तुटणार न्हाय, फिकीर करू नका." आपला मेडिकलवाला चष्मा काढून हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "दरसाली कुत्र्यांच्या लसीचं मी बघतो, नाना." डीपी उठला. सगळ्यांनी श्वास धरला. तो गेला, पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता असं रडू आलं की बायकांनी मला धरून आत नेलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, त्याला भूक नाही. पण त्याला भूक आहे, नाना. पोट खपाटीला गेलंय. भूक असून तो का खात नाही, आणि तुमची राहिलेली इच्छा कोणती, हे त्या घोळक्यात एकट्या मला ठाऊक होतं. मी मात्र कसलंच वचन दिलं नाही. बायकांबरोबर आत जाऊन बसले.

तुमची माझी ओळख भांडणातून झाली. तुम्ही गावचे वायरमन आणि माझी पिठाची गिरणी. लाइट गेली की पहिली हाक गिरणीतून जायची. दळण अर्धं पडलेलं, बाया ताटकळत बसलेल्या, आणि तुम्ही खांबाला टेकून निवांत बिडी ओढताय. चढायच्या आधी एक आणि उतरल्यावर एक. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून माझा आवाज मुळात चढलेला, त्यात तुमच्यावर ओरडायला मला कारण लागत नसे. तुम्ही वरून शांतपणे म्हणायचात, "ओरड मंगल, तुझ्या आवाजावरच चालव गिरणी."

भूकंपानंतर सास्तूर नव्यानं वसलं तेव्हा या घरांमधली पहिली लाइट तुम्ही जोडलीत. त्यामुळे कुणाचं घर कुठं हे तुम्हाला माणसापेक्षा मीटरवरून आठवायचं. जुन्या गावात घरं एकमेकांना चिकटून होती, आजारी माणूस कण्हला तर भिंतीपलीकडे ऐकू जायचं. नव्या गावात रस्ते रुंद झाले, अंगणं मोठी झाली आणि म्हातारी माणसं एकमेकांपासून लांब पडली. लेकरं पुण्याला नाही तर लातूरला. दारात राहिलं ते कुत्रं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वीस घरांच्या खांबांवर चढताना खाली कोण भुंकतं आणि त्याला कोण आवरतं, एवढं बघून ते तुमच्या ध्यानात आलं होतं. कुत्र्यांनी तुम्हाला चावे घेतलेले, पोटात इंजेक्शनं घेतलेली, तरी.

डीपी तुम्हाला माकणीच्या वाटेवर विजेच्या डीपीच्या पेटीखालीच सापडला. शेपटीचं टोक जळालेलं, मुठीएवढं पिल्लू. तुमची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्याला तुम्ही शर्टात घालून आणलंत आणि घरी न जाता आधी गिरणीत आलात, दाखवायला. पीठ नाकात जाऊन ते सारखं शिंकत होतं. मी म्हटलं, नाव काय ठेवताय. तुम्ही म्हणालात, "जिथं सापडलं तेच." एवढा विचार तुम्ही कशाचाच केला नाही.

म्हाताऱ्यांची कुत्री सांभाळायचं आपलं काम सुरू झालं ते मात्र माझ्यामुळे. म्हणजे माझ्या चांगुलपणामुळे, असं तुम्ही टोमणा मारून म्हणायचात. रुक्मिणआत्या न्हाणीत पडल्या आणि मुलगा त्यांना लातूरला दवाखान्यात घेऊन गेला. त्यांचा कुत्रा सरदार बंद दारासमोर बसून राहिला. मला बघवेना. मी रोज त्याला भाकरी घालायला लागले. आधी आत्यांच्या दारात जाऊन, मग गिरणीच्या पायरीवर, कारण कोण रोज तेवढं लांब जाणार. तो चांगला गुबगुबीत झाला. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

आत्या वॉकर धरून परत आल्या. रिक्षातून उतरतानाच त्यांनी हाक मारली. सरदार गिरणीच्या पायरीवरून उठला, गेला, त्यांच्या पायांचा वास घेतला, पाहुण्याला हलवावी तशी शेपूट हलवली आणि परत येऊन माझ्या पायरीवर बसला. कुणीतरी म्हणालं, "कुत्रंच ते, भाकरीचं सोबती." घरात गेल्यावर आत्या मला म्हणाल्या, "पायाचं काय न्हाय गं, हाड बसंल. ह्यो कसा उठून गेला?"

त्या संध्याकाळी तुम्ही गिरणीत आलात. चालू गिरणीचा खटका तुम्ही स्वतः खाली पाडलात, वायरमनचा हक्कच तो, आणि म्हणालात, "मंगल, तू त्याचं पोट भरलंस आन् तिचं कुत्रं नेलंस."

मी भांडले. म्हटलं, उपाशी मारायचं होतं का? तुम्ही म्हणालात, "भाकरी तूच कर. नेऊन बी तूच दे. पण तिच्या हातात दे. कुत्र्याच्या तोंडात जाईल ती तिच्या हातनं जाईल." दुसऱ्या दिवसापासून मी सरदारला पायरीवरून हाकललं. काठी दाखवली. तो समोरच्या लिंबाखाली बसून माझ्याकडे बघायचा आणि मी पाठ फिरवून दळण दळायचे. रोज दुपारी भाकरी नेऊन आत्यांच्या हातात ठेवायचे. पुरे पंधरा-वीस दिवस लागले. मग एक दिवस गेले तर सरदार आत्यांच्या वॉकरला टेकून झोपलेला होता आणि आत्या मला खुणेनं सांगत होत्या, आवाज करू नको.

तोच आपला नियम झाला. आपण कधी संस्था काढली नाही, बॅनर लावला नाही. तुम्ही, मी, मेडिकलवाला, शाळेतले एक सर आणि पुढे पाय सुधारल्यावर रुक्मिणआत्यासुद्धा. गोचीड काढायचे, रविवारी अंघोळ घालायची, टमटममध्ये बसवून जनावरांच्या दवाखान्यात लसीला न्यायचं, ज्यांना वाकता येत नाही त्यांचं अंगण झाडायचं. सगळं आपण करायचं, फक्त तुकडा घालायचा नाही. तो मालकाच्या हातचा. हात उचलत नसेल तर कोपराला आधार द्यायचा, पण हात त्याचाच. मालक दवाखान्यात गेला तर त्याचं धोतर नाही तर तिचं लुगडं अंथरून त्यावर ताट ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. नवीन कुणी आलं की तुम्ही त्याला पहिलं हे सांगायचात. सरांनी एकदा लाडानं एका कुत्र्याला बिस्कीट घातलं, तर महिनाभर तुम्ही त्यांना बिस्कीटवाले म्हणत होता.

या नियमानं किती म्हाताऱ्यांच्या चुली पेटत्या राहिल्या, हे मी गिरणीवर बसून बघितलं. एकट्या माणसाचं दळण हळूहळू कमी होत जातं आणि मग तो डबा घेऊन यायचाच बंद होतो. आपल्या माणसांचं तसं झालं नाही. कुत्र्यासाठी का होईना, भाकरी भाजली जायची. आणि एक भाजली की दुसरीही होते. हे तुमच्यामुळे झालं, नाना. तुमच्या तोंडावर हे मी कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही लगेच शेफारला असता.

पण दोन भांडणं राहिली.

पहिलं सिद्राम अप्पांवरून. त्यांची कुत्री राणी म्हातारी होऊन गेली. आपणच शेताच्या कडेला खड्डा काढला. त्यानंतर अप्पांचा डबा गिरणीत यायचा बंद झाला. मी विचारलं तर म्हणाले, "हाटेलातनं पाव आणतो की." मी कुणाकडून तरी एक पिल्लू मिळवलं आणि टोपलीत घालून निघाले. तुम्ही रस्त्यातच अडवलंत.

"अप्पाचं वय बग," म्हणालात. "कुत्रं दहा-बारा साल जगतंय. अप्पा गेल्यावर त्यानं कुणाच्या दारात बसायचं?"

"मग आज अप्पांनी कुणासाठी भाकरी करायची?"

"अप्पाचं तू बोलायलीस. टोपलीतल्याला कुणी इचारलं का?"

रस्त्यावर उभं राहून आपण इतके भांडलो की एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून आपल्याला बाजूला केलं. शेवटी अप्पांनाच विचारू असं ठरलं. अप्पांनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या हाताला कंप आहे, त्यामुळे ते पिल्लूही हललं. मग ते म्हणाले, "माझ्या मागं ह्याचं कोण, नाना?" मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, आम्ही आहोत. तुम्ही खाली बघत राहिलात. मी टोपली परत नेली आणि त्यानंतर तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही. अप्पा पावावर राहिले. मी तेव्हा म्हणत होते की तुम्ही चुकलात, आणि आजही म्हणते.

दुसरं भांडण डीपीवरून, आणि ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

तुमची फुप्फुसं थकली होती. बिड्यांनी काम केलं होतं. सुनीतानं घरी ऑक्सिजनचं मशीन बसवून दिलं. लाइट गेली की ते बंद पडायचं आणि तुमचा जीव वरखाली व्हायचा. नवा वायरमन बिचारा लाइन बंद करायच्या आधी तुम्हाला फोन करून परवानगी घ्यायचा. तुम्ही मला म्हणालात, "मंगल, तू मला का शिव्या घालत हुतीस ते आता कळायलंय." मी म्हटलं, लवकर कळलं.

मी रोज येऊन डीपीची भाकरी करायचे. तुम्ही बाजेवर टेकून बसायचात आणि तुकडे करून त्याला द्यायचात. हळूहळू तुमचा हात थरथरायला लागला. डीपी शहाणा. आधी तो तुकडा झटक्यात घ्यायचा, आता तो तोंड पुढे करून थांबायचा, तुमचा हात हलत हलत पोचेपर्यंत. एक दिवस तुम्ही तुकडा माझ्यापुढे धरलात. "आजपासनं तू घाल."

मी म्हटलं, "का? हात मोडला का तुमचा?"

"त्याला तुझी सवय लागू दे."

"नियम तुमचाच हाय."

"माझाच हाय, म्हणून मीच मोडायलोय."

मी तुकडा तुमच्या हातात परत कोंबला. तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तुम्ही लबाडी सुरू केलीत. मुद्दाम तुकडा खाली पाडायचा, म्हणजे मी उचलून घालीन. मी उचलायचे, फुंकर मारायचे आणि तुमच्या मुठीत ठेवायचे. डीपी एकदा तुमच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. तुम्ही म्हणायचात, "लई हट्टी हाईस." मी म्हणायचे, गुरू कोण. दोन-तीनदा तुम्ही खरंच चिडलात. एकदा मशीनची नळी नाकातून काढून म्हणालात, "अगं, सरदारला परत आणायला किती दिस लागले, इसरलीस व्हय? वरनं माझा हात नसंल तवा ह्याला कोण शिकवणार?"

मला सगळं कळत होतं. तुम्ही काय तयारी करताय ते न कळण्याएवढी मी भोळी नाही. पण मी त्याला एक तुकडा घातला असता तर तुम्ही जाणार हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. तुमच्या हातून तो खातोय तोवर तुम्ही घरचे मालक, दारात तुमचं कुत्रं आणि मी नुसती भाकरी करून देणारी. मला ते तसंच ठेवायचं होतं. मला वाटलं, मी अडून राहिले तर तुम्हालाही थांबावं लागेल. माणूस कुठल्या कुठल्या गोष्टीवर भरवसा ठेवतो.

शेवटच्या दिवशी तुमची मूठ मिटेना. मी तुमच्या बोटांवर माझी बोटं दाबून धरली आणि त्या दोन हातांनी मिळून त्याला तुकडा दिला. त्यानं घेतला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "बघा, जमतंय तुमाला." तुम्ही हसलात का दमलात, ते कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणालात, "डब्याचं झाकण नीट लाव, मुंग्या लागतील." ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी झाकण लावलं आणि गेले.

इथपर्यंत लिहिलं होतं आणि दळणाला माणसं आली म्हणून उठले. मध्ये काही दिवस गेले. आता परत बसलेय, कारण सांगण्यासारखं काही झालंय.

सुनीता डीपीला पुण्याला न्यायला तयार होती. तिसऱ्या मजल्यावरचं घर, पण ती तयार होती. गाडीत बसवलं की तो उतरायचा. जबरदस्ती केली तर गुरगुरायचा, आणि तिच्यावर तो कधी गुरगुरला नव्हता. मी आपली रीत करून बघितली. तुमचा खाकी शर्ट अंथरला, त्यावर ताट ठेवलं आणि बाजूला झाले. त्यानं तोंडानं ताट सरकवलं आणि शर्टावर हनुवटी टेकून झोपला. रुक्मिणआत्या वॉकर घेऊन आल्या, त्यांनी हातानं दिलं. सरांनी दिलं. मीही दिलं, नाना. हात पुढे करून कितीतरी वेळ बसले. त्यानं माझ्या हाताचा वास घेतला. रोज भाकरी करणारा हात त्याला ओळखीचा होता, पण खायला घालणारा नव्हता. तसाही तो ओळखीचा झाला असता, पण माझ्यामुळे झाला नाही.

मग अप्पा आले. ते जलदानाला आले नव्हते, ताप होता. काठी टेकत ओसरीवर बसले, फोटोकडे बघितलं, नाक पुसलं. हाटेलातनं येताना खिशात पाव होता तो काढला. बाजेखाली बघून त्यांच्या घरच्या कानडीत म्हणाले, "बा, बा इल्ली." म्हणजे ये, इकडे ये. राणीला ते असंच बोलवायचे. पावाचा तुकडा धरलेला त्यांचा हात लटलट हलत होता.

डीपी उठला. बाजेखालून निघून अप्पांपुढे आला आणि तोंड पुढे करून थांबला, तो हात हलत हलत पोचेपर्यंत. आणि त्यानं घेतला. मग दुसरा. अप्पांनी आख्खा पाव घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाकरी हाय का गं आत? पावानं काय हुतंय त्याचं." माझे हात पिठानं भरलेले, डोळे पुसता येईनात.

सुनीता म्हणाली, अप्पांकडेच राहू दे त्याला. अप्पांनी लगेच हात मागे घेतला. तुम्हाला विचारलं होतं तेच त्यांनी मला विचारलं, "माझ्या मागं?"

तुम्ही खाली बघितलं होतंत. मी नाही बघितलं. मी म्हटलं, "मी हाय, अप्पा." एवढंच म्हणायचं होतं, नाना. तेव्हा तुम्हीही म्हणू शकला असता. पण तुम्ही खोटं आश्वासन देणारे नव्हता, आणि तुमच्या छातीत तेव्हाच काय वाजत होतं ते तुम्हाला माहीत असणार. हे मला आत्ता, लिहिताना सुचतंय. तेव्हा आठवडाभर मी अबोला धरला तो उगाच.

आता डीपी अप्पांच्या ओट्यावर असतो. अप्पांचा डबा परत गिरणीत यायला लागलाय. पहिल्यांदा आला तेव्हा मला तुम्हाला सांगायचं होतं की बघा, मी म्हणत होते ते बरोबर निघालं. रस्त्यापर्यंत गेले आणि परत फिरले. भांडण जिंकून करायचं काय, समोर तुम्ही नसताना.

रोज संध्याकाळी गिरणी बंद केली की मी अप्पांकडे जाते. अप्पा भाकरी करतात, मी शेजारी बसते. तुकडे अप्पाच घालतात. शेवटचा तुकडा मी घेते आणि पुढे धरते. डीपी येतो, वास घेतो, मग अप्पांकडे बघतो. अप्पा म्हणतात, "घे की रं, आपलीच हाय ती." तो खाली बसतो. अप्पा मला म्हणतात, "घाई करू नगं बाय, त्याचं त्याला ठरवू दे."

तुमचा हात चालत होता तेव्हा हे केलं असतं तर चार-आठ दिवसांत झालं असतं. तुम्ही बाजेवर टेकून बघितलं असतं, त्यानं माझ्या हातचा पहिला तुकडा घेताना. तुम्हाला तेवढं एक बघून जायचं होतं. घराचं कुलूप नाही, लेकीचं माहेर नाही, लस नाही. ते वचन मी त्या घोळक्यात द्यायला हवं होतं, ते आता रोज देते. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला उन्हात उभी राहिलेली भावकी आठवते आणि तुम्ही झाडाखाली हसताय असं वाटतं. हसा.

अजून त्यानं घेतलेला नाही. हात अवघडतो, खांद्यापर्यंत कळ जाते. मी खाली घेत नाही.